रेवड्यांवरची जपानी कुस्ती

जायचं ठरलं ते भिंतीवरच्या एका कागदामुळे. नगरच्या एसटी स्टँडबाहेर रसवंतीच्या भिंतीवर सिनेमाच्या जाहिरातींमध्ये एक पिवळा कागद चिकटवलेला होता. ‘जपानच्या महिला मल्लांची फ्रीस्टाइल कुस्ती. शेवगाव मुक्कामी. एकच प्रयोग.’ खाली दोन बायकांचे फोटो, शाई पसरून काळे पडलेले. त्यातल्या एकीच्या डाव्या भुवईवर तुटल्यासारखी खूण होती. मी रसाचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. ती मावशी होती.

हा ब्लॉग मला पुतणीने सुरू करून दिला आहे. प्रवासाबद्दल लिही, लोक वाचतात, असं ती म्हणते. मी फार प्रवास केलेले नाहीत. हा एक केला, सन एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास, आपल्याच जिल्ह्यात. त्यात जेवढी चिडचिड झाली तेवढी पुढे काशीला जातानाही झाली नाही.

आधी मावशीबद्दल सांगते. माझा मोठा भाऊ मधुकर, आमचा दादा, मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. जहाज जपानात कोबे बंदराला लागायचं. तिथे त्याने बायकांची व्यावसायिक कुस्ती पाहिली आणि तो तिच्या नादी लागला. दर रजेला येताना तो कुस्तीची मासिकं आणायचा, आणि मग मी त्याच्याहून जास्त नादी लागले. जपानी अक्षर आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हतं. म्हणून मल्लांना नावं आम्हीच ठेवली. केस डोळ्यांवर येणारी ती झिपरी. तांबडे बूट घालणारी ती लालबुटी. रुंद जबड्याची, भुवईवर खूण असलेली, समोरच्याचं काहीतरी चुकलंय अशा नजरेने बघणारी ती मावशी. झिपरी दादाची, मावशी माझी. कोण जिंकलं, कोणाचा पट्टा कोणी घेतला, हे तो बंदरावर विचारून यायचा आणि मला सविस्तर सांगायचा. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. शाळेत कोणाला यातलं काही माहीत नव्हतं.

मावशीचा एक डाव होता. समोरचीला खांद्यांवर आडवी घ्यायची, जागच्या जागी गरगर फिरवायची आणि खाली टाकायची. आम्ही त्याला भिंगरी म्हणायचो. मासिकातल्या फोटोत ती नुसती खांद्यावर घेतलेली दिसायची. फोटोत फिरताना कसं दिसणार? मग दादा उशी खांद्यावर घेऊन करून दाखवायचा आणि दर वेळी तोल जाऊन पडायचा. एकदा तर पाण्याच्या पिंपावर पडला. “खरी भिंगरी अशी नसते गं,” उठता उठता म्हणायचा. “एकदा बघशील तेव्हा कळेल.”

दिवाळीच्या आधी तो रजेवर आला तोच कावीळ घेऊन, आणि त्यातच गेला. त्यानंतर घरात त्याचं नाव निघेनासं झालं. मासिकं ट्रंकेत गेली आणि ट्रंक माळ्यावर गेली. चैत्रात मला तो पिवळा कागद दिसला. मला खरी भिंगरी बघायची होती. एवढ्यासाठीच मी निघाले.

एकटीने जाणं शक्य नव्हतं. अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारण्यावाचून इलाज नव्हता. अण्णा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले होते आणि तरुणपणी तालमीत घुमलेले होते. त्यांचे कान मोडलेले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

“बायांची फ्रीस्टाइल?” ते म्हणाले. “ती सगळी नूरा असते.” नूरा म्हणजे दोघांनी आधी संगनमत करून केलेली कुस्ती. तालमीतल्या माणसाच्या तोंडी याहून वाईट शिवी नाही.

“मग मी एकटी जाते.”

“एकटी कशी जाशील? येतो.”

आले, आणि दोन दिवस बोलत राहिले. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. कुठे, कशाला, तिने विचारलं नाही. मी ट्रंकेतून एक मासिक काढून पिशवीत तळाशी ठेवलं, ज्याच्या पानभर मावशी आहे ते.

सकाळची शेवगाव गाडी वेळेवर सुटली. त्या सबंध प्रवासात वेळेवर झालेली ती एकच गोष्ट. भिंगार मागे पडलं, डोंगरावरचा चांदबिबीचा महाल उजवीकडे दिसू लागला आणि अण्णांनी सुरुवात केली. खिडकी उघडी ठेवली तर धूळ, लावली तर उकाडा. वरून तिची काच निम्म्यावर अडकलेली, म्हणजे दोन्ही होतं. करंजीच्या घाटात गाडी थांबली. वळणावर एक ट्रक बॉनेट उघडून उभा होता आणि ड्रायव्हर त्याच्याखाली पाय बाहेर ठेवून झोपला होता. ट्रकमध्ये लोखंडी खांब होते, जाड दोरांची वेटोळी आणि ताडपत्रीची भलीमोठी गुंडाळी.

“तमाशाचा तंबू असेल,” अण्णा म्हणाले. मीही तसंच समजले. गाडी अंग चोरून पुढे गेली.

तिसगावला चहा. तिथली भजी त्या काळी चांगली असायची, आता कशी असतात माहीत नाही. अण्णांनी एक तोंडात टाकलं, तेल जुनं आहे असं सांगितलं आणि पुडी संपवली.

शेवगावला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आम्ही कागदात लिहिल्याप्रमाणे बाजार समितीच्या आवारात गेलो. आवारात सरकीची पोती होती, दोन बैलगाड्या होत्या आणि सावलीत पत्ते खेळणारे हमाल होते. रिंग नव्हती, कनात नव्हती, एक भोंगासुद्धा नव्हता.

“जपानची कुस्ती इथेच ना?” मी विचारलं.

हमालांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. एकाने पान न टाकताच सांगितलं, “ती व्हय? ती गेली की पाथर्डीकडं.”

“गेली म्हणजे?”

“हितल्या लोकांचं आन् ठेकेदाराचं फाटलं. आता तिकडं जत्रंत हाय. उद्याच्याला.” त्याने गावाचं नाव सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, गावाला नावं ठेवल्यासारखं होईल.

“मग कागद का काढला नाहीत?” अण्णा कडाडले.

“कागद नगरला लावल्याला हाय न्हवं? आमी हितनं कसा काढावा, बाबा?”

बाकीचे हसले. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कागद मीच लावला होता.

वाचकांपैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल तर एक सांगते. शेवगावहून पाथर्डी फार लांब नाही, पण तेव्हा दुपारची गाडी यायची की नाही हे कंट्रोलरलाही ठाऊक नसायचं. “येईल,” तो म्हणाला. तासाभराने विचारलं तरी “येईल.” उन्हं उतरायला लागल्यावर ती आली. मी खिडकीची जागा अण्णांना दिली. त्यांना ऊन लागलं. जागा बदलली, तर आतल्या बाजूला कोंबड्यांची पाटी होती.

मुक्काम पाथर्डीच्या धर्मशाळेत केला. शेजारच्या खानावळीत बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगुळे मिळाले. लसणाची फोडणी होती, गरम होते आणि भरपूर होते. सबंध प्रवासातलं सर्वात चांगलं जेवण ते. अण्णांनी मागून घेऊन खाल्लं आणि मग पाणी मचूळ आहे म्हणून खानावळीच्या मालकाला सुनावलं. विहिरीचा उपसा, झिरा, तुरटी असं बरंच काही सांगितलं. मालक नम्रपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आण्णा, तुमी ऱ्हाताच का हितं? आमच्या नगरपालिकेला मानूस पायजेच हाय.” अण्णा खूश झाले. टोमणा मला कळला, त्यांना कळला नाही.

दुसऱ्या दिवशी जीप. पाथर्डीच्या पूर्वेला तेव्हा गाडी जायची ती पावसाळा सोडून आणि मनात आलं तर. बाकी सगळा भार जीपवर. जीप भरेपर्यंत सुटत नाही, आणि ती कधी भरली म्हणायचं हे फक्त ड्रायव्हरला माहीत असतं. मी आत नऊवारीच्या ढिगाऱ्यात होते. अण्णा मागच्या पायरीवर अर्धे बाहेर, धोतराचा सोगा दातात धरून. त्यामुळे तेवढा वेळ त्यांचं बोलणं बंद होतं. दोन्ही बाजूंना बोडके डोंगर आणि नांगरून तशीच पडलेली रानं होती. वाटेत बैलगाड्या लागत होत्या. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, जत्रेसाठी घरी परतत होती. गाड्यांवर भांडी, बाजली, कोंबड्या आणि वर बसलेल्या म्हाताऱ्या.

जीपमध्येच ती बातमी कळली. रिंग घेऊन येणारा ट्रक करंजी घाटात बंद पडला होता. ज्याला आम्ही तमाशाचा तंबू समजलो तोच. म्हणजे आदल्या दिवशी मी माझ्या कुस्तीच्या रिंगशेजारून गेले होते आणि अण्णांशी खिडकीवरून वाद घालत होते.

“मग कुस्ती कशात होणार?” मी शेजारच्या बाईला विचारलं.

“मातीतच व्हईल की. हगामा हायच.” जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाला आमच्याकडे हगामा म्हणतात. ही बाई गयाबाई. पस्तिशीची, काळी, उंच, कालच कारखान्यावरून आलेली. सबंध जीपमध्ये तिचाच आवाज होता. “पर ताई, तुमी कशापायी आला? हगाम्याला बाया न्हाई जात आमच्यात.”

“आज तर आत बायाच आहेत ना?”

“आत आसत्यात. भवतीनं न्हाई.”

हे मला नगरला कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांना माहीत असणारच. जीपमधून उतरल्यावर मी त्यांना विचारलं.

“माहीत होतं,” धोतर झटकत ते म्हणाले. “म्हटलं, इथं आल्यावर कळेल तुझं तुला.”

मी चिडून पिशवी उचलली आणि पुढे चालू लागले. 

गयाबाईने मार्ग काढला. मैदानाच्या कडेला शाळा होती. शाळेच्या धाब्याच्या छतावर बायांनी बसायला हरकत नव्हती, कारण तिथे बसलं तर मैदानात बसलं असं होत नाही. हा हिशेब मला अजून समजलेला नाही. शिडीने वर चढलो. छत तापलं होतं. गावातल्या बाया आधीच पदर डोक्यावर ओढून ओळीने बसल्या होत्या. खाली पुरुषांचं भलंमोठं कडं, मधे पाणी मारलेली मऊ माती, हलगीवाले, फेटे बांधलेले पंच. अण्णा पंचांच्या शेजारी जाऊन बसलेलेही दिसले. मोडक्या कानांनी त्यांची ओळख करून दिली असावी. मुख्य पंचाला सगळे तात्या म्हणत होते. त्यांचे कान अण्णांहून मोडलेले होते.

आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या. यांत इनाम नसतं, जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या घालतात. कोणी घरच्या गेलेल्या माणसाच्या नावाने कुस्ती लावली तर भोंग्यावरून ते नाव पुकारतात. मग मोठ्यांच्या जोड्या झाल्या. मग टेरिलीनचा शर्ट घातलेला ठेकेदार पुढे आला, आणि त्याच्यामागून त्या दोघी.

मावशीच होती. मासिकातल्याहून म्हातारी झाली होती, पोट सुटलं होतं, पण तो जबडा आणि ती नजर तीच होती. दुसरी कोवळी पोरगी होती, आमच्या मासिकांत कधी न आलेली. दोघींनी काळे पोहण्याचे कपडे आणि वर झगे घातले होते. त्यांनी मातीकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी शिकवलं असणार, कारण दोघींनी वाकून माती कपाळाला लावली. मैदानातून आरोळी उठली.

“आगं बया,” गयाबाई म्हणाली, “थोरलीची मांडी बघ. आमच्या मुकादमाच्या कमरंयेवढी हाय.”

“आन् धाकली? फू केलं तर उडंल.”

“उडल न्हाईतर काय. त्याचंच तर तिकीट हाय.”

हलगी वाजली. त्या भिडल्या. पोरगी धावत आली, मावशीच्या छातीवर खांदा आदळला आणि मावशी धाडकन पाठीवर पडली.

मला याचं काही वाटलं नाही. दादाने किती वेळा सांगितलं होतं. सुरुवातीला मावशी पडते, लोकांना वाटतं ती संपली, मग ती उठते आणि तिथून खरी कुस्ती सुरू होते. पण तात्यांनी शिट्टी मारली. दोन्ही हात वर केले. “चितपट!”

हलग्या कडाडल्या. कोणीतरी पोरीच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि हातात नारळ दिला. मावशी उठली आणि पोझ घेऊन उभी राहिली. पंच तिला पाठीला हात लावून बाहेर काढू लागले. तिला काही कळत नव्हतं. ठेकेदार इंग्रजीत, हिंदीत आणि हातवाऱ्यांनी ओरडत होता. तात्या शांतपणे सांगत होते, “पाठ लागली. दोन्ही खांदं लागलं. कुस्ती झाली. फुडली जोड घ्या.”

पुढच्या जोडीचे लोक लंगोट आवळत आतही आले. नगरहून दोन दिवस धक्के खात आल्यावर माझ्या वाट्याला आलेली कुस्ती ही एवढी. भिंगरी नाहीच.

मी शिडीवरून उतरले. का उतरले हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मागून गयाबाईचा आवाज आला, “ताई! कुठं निघाला बाप्यांत?” आणि मग, “थांबा, मी बी येते. येकल्या नगं.”

पुरुषांचं कडं फाटलं ते नवलाने. मी तात्यांसमोर उभी राहिले. चाळीस मुलींच्या वर्गात बोलायची सवय होती, पण तिथे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

“यांच्या खेळात पाठ लागून भागत नाही,” मी म्हणाले. “पाठ लागल्यावर पंचाने जमीन तीनदा थोपटायची. तिसऱ्या थापेआधी खालचीने खांदा उचलला तर कुस्ती चालू राहते.”

“कोन म्हनतं?”

“तसा नियमच आहे.”

“तसा नियम त्यांच्या चौकटीत. मातीत उतरलं की मातीचा नियम.” तात्या रागावले नव्हते. लहान मुलाला सांगावं तसं सांगत होते. “बाई, उद्या ह्यो पैलवान म्हनंल, मला बी तीन थापा पायजेत. मग सांज हुस्तोर माती बडवीत बसू का आमी?”

लोक हसले. “आन् ही कोन शहानी?” कोणी म्हणालं. “मास्तरीन दिसती. आता हजेरी घ्या सगळ्यांची!”

“मास्तरीन न्हाई तर काय तुजी सासू हाय का?” गयाबाई मागून म्हणाली. “ऐकून तर घे, मेल्या!”

मी अण्णांकडे पाहिलं. वाटलं होतं, निदान आता बोलतील. ते बोलले. “तात्यांचं बरोबर आहे, सुमे. पाठ लागली ती लागली. चल.”

पाच-सहा महिन्यांत मी घरात ते नाव घेतलं नव्हतं. तिथे, हजार पुरुषांसमोर, घेतलं. “दादाने हे पाहिलेलं आहे, अण्णा. कोबेला. हीच बाई. तिची भिंगरी मला दाखवणार होता तो. त्याला जमायचं नाही म्हणून उशी घेऊन पडायचा. तुम्ही ओट्यावरून ओरडायचात, काय धडपड चालली आहे म्हणून. ती हीच धडपड.”

अण्णांचा चेहरा मी नीट पाहिला नाही. पाहवला नाही.  मग अण्णा बोलले, पण माझ्याशी नव्हे.

“तात्या,” ते म्हणाले, “पोरीचं म्हणणं मला पटलेलं नाही. नूरा ती नूरा. पण माझ्या मुलाने बघितलेली गोष्ट आहे. मुलगा राहिला नाही. एवढी एकदा होऊ द्या.”

तात्यांनी फेटा काढून डोकं खाजवलं. मग ते बाकीच्या पंचांशी बोलले. मोठी जोड एकदा निकाली झाली की परत लागत नाही, तो गावाचा नियम. पण रेवड्यांवरची कुस्ती कितीही वेळा लावता येते. पोरं चार-चारदा खेळतात, तिचा निकाल कोणी धरत नाही.

“रेवड्यांवर लावतो,” तात्या म्हणाले. “पर माती मी बडवनार न्हाई. लोक मला हसतील.” त्यांनी अण्णांकडे बोट केलं. “तुमी या. कोनाच्या नावानं पुकारायची?”

अण्णांनी पूर्ण नाव सांगितलं. भोंग्यावरून ते पुकारलं गेलं, कैलासवासी मधुकर आणि पुढे आमचं सगळं, आणि “यांच्या स्मरणार्थ जपानची कुस्ती, रेवड्यांवर!” पोरांची रांग टाळ्या वाजवू लागली. त्यांच्या बरोबरीची कुस्ती होती ना.

मला परत छतावर पाठवलं. त्यावर मात्र कोणी तडजोड करायला तयार नव्हतं.

आणि मग ती कुस्ती झाली. मावशी पडली, अण्णा उकिडवे बसले आणि अनिच्छेने माती थोपटली. एक. दोन. मावशीने खांदा उचलला. अण्णा मागे टेकून बसले, कपाळावर आठ्या. परत तसंच. तिसऱ्या वेळेला सगळं मैदान त्यांच्याबरोबर मोजत होतं आणि खांदा उचलला गेला की ओरडत होतं. “नूरा! नूरा!” असंही ओरडत होते. तेच लोक, दोन्ही. पोरीने मावशीचे केस धरले तेव्हा छतावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. “आगं सोड की, भवाने!” गयाबाई किंचाळली, आणि मग मावशीने तिचे धरल्यावर, “हां! आता वढ!”

मावशी खाली वाकली. पोरगी तिच्या खांद्यांवर आडवी आली. मावशी उभी राहिली, पाय मातीत रुतवले आणि फिरली.

उशीसारखं नव्हतं ते. मी वरून बघत होते म्हणून मला दिसलं. वर आडवी असलेल्या पोरीने एका हाताने मावशीचं मनगट घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्याने तिचा खांदा. मावशी जितकी वेगाने फिरत होती तितकी ती पोरगी तिला धरून होती. मग ती सुटली, फिरूनच खाली आली, मावशी तिच्यावर आडवी पडली. अण्णांनी माती थोपटली. तीनदा. तिसरी थाप चांगली जोरात होती.

तात्यांनी मावशीच्या ओंजळीत रेवड्या घातल्या. तिने एक तोंडात टाकली, जरा चावून पाहिली आणि उरलेल्या पोरीला दिल्या.

तिला भेटायचं होतं. मासिक दाखवायचं होतं. मी शिडीवरून उतरून, कडं ओलांडून, धुळीतून पोचेपर्यंत ठेकेदाराने दोघींना जीपमध्ये कोंबलं होतं. शिट्ट्या मारणाऱ्या पोरांच्या मागून मी थोडी धावलेही. मासिक पिशवीतच राहिलं. तसंही त्या प्रवासात माझ्या मनासारखं सगळंच झालं असतं तर मला विश्वास वाटला नसता.

परतीची गाडी पाथर्डीहून मिळाली आणि उभं राहून प्रवास करावा लागला. अण्णांच्या नखांत माती होती. तिसगाव आलं, भजी कोणी खाल्ली नाहीत. करंजीच्या घाटात तो ट्रक अजून उभा होता. बॉनेट उघडंच. ड्रायव्हर आता बाहेर बसून भाकरी खात होता.

“नूरा होती,” अण्णा म्हणाले.

 नगरपर्यंत ते पुढे काही बोलले नाहीत, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं, बोलावं यांनी.

आज कोणाला तिकडे जायचं असेल तर रस्ता उत्तम आहे, करंजीचा घाटही रुंद झाला आहे. पाथर्डीत उतरून शेंगुळे विचारा, घरगुती खानावळीत अजून मिळतात. मागे पुतण्याबरोबर त्या गावावरून गेले तेव्हा शाळेला सिमेंटचं छत झालेलं होतं. हगाम्यात आता मुलींच्या कुस्त्या लागतात, आणि बायका खाली, पुरुषांबरोबर, खुर्च्यांवर बसून बघतात असं चहावाल्याने सांगितलं. बरं झालं. धाब्याचं छत फार तापतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी, दुपारी शाळेतून आले, तर माळ्यावरची ट्रंक खाली होती. अण्णा खाटेवर दादाची मासिकं पसरून बसले होते. “उलटं छापलंय सगळं,” त्यांनी तक्रार केली. जपानी पुस्तक मागून उघडतं हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

“मधूची कोणती?”

मी झिपरी दाखवली. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मावशीचं पान काढायला लावलं, ते बाजूला ठेवलं आणि उठून गादीवरची उशी घेतली. दादा घ्यायचा तशीच त्यांनी ती खांद्यांवर आडवी घेतली. पायात अंतर घेतलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“त्या पोरीने मनगट धरलं होतं,” अण्णा म्हणाले. “बघितलंस का तू?”

“बघितलं.”

“उशी धरत नाही ना,” ते म्हणाले. “म्हणून पडायचा तो.”